स्लिप डिस्क : घरी बरे होताना काय करावे, काय टाळावे

पाण्याची बादली उचलताना किंवा गॅसचा सिलिंडर सरकवताना कंबरेत चमक भरते. एक-दोन दिवसांत दुखणे नितंबातून मांडीत आणि मग पोटरीत उतरते. शिंक आली तरी पायात वीज गेल्यासारखी कळ येते. डॉक्टर तपासून सांगतात, "मणक्यातली गादी सरकली आहे, नस दबते आहे. सध्या ऑपरेशनची गरज नाही. औषधे घ्या आणि काळजी घ्या."

रुग्ण घरी येतो आणि खरे प्रश्न तिथून सुरू होतात. काळजी घ्यायची म्हणजे नेमके काय करायचे? पडून राहायचे की चालायचे? जमिनीवर झोपायचे का? पट्टा किती दिवस बांधायचा? घरातले, शेजारी, नातेवाईक प्रत्येक जण वेगळे सांगतो.

या लेखातून दोन गोष्टी लक्षात राहिल्या तरी पुरे. पहिली, बहुतेक रुग्ण ऑपरेशनशिवाय बरे होतात, पण पडून राहून नव्हे, तर बेताने हालचाल करत राहून. दुसरी, काही मोजकी लक्षणे अशी आहेत की ती दिसल्यावर सकाळ होण्याचीही वाट पाहायची नसते.

चकती सरकते म्हणजे काय होते?

आपल्या पाठीच्या कण्यात दोन मणक्यांच्या मध्ये एक लवचिक चकती असते. बोलण्यात आपण तिला 'गादी' म्हणतो. अंथरुणाच्या गादीशी गोंधळ होऊ नये म्हणून या लेखात 'चकती' हाच शब्द वापरला आहे. अशा एकूण 23 चकत्या असतात. प्रत्येक चकतीचे बाहेरचे कडे चिवट असते आणि आत जेलीसारखा मऊ गाभा असतो. वयानुसार किंवा ताणामुळे कड्याला चीर पडते आणि त्यातून गाभा मागच्या बाजूला फुगतो किंवा बाहेर येतो. तो शेजारच्या नसेवर दाबला जातो. शिवाय त्यातील रसायनांमुळे नसेला सूज येते. म्हणूनच दुखण्याचे मूळ कंबरेत असूनही कळ पायात जाते. यालाच सायटिका म्हणतात.

म्हणजे चकती बशीसारखी अख्खी 'सरकत' नाही, आणि ती हाताने दाबून 'जागेवर बसवता' येत नाही. 'मणक्यात गॅप आली' हेही तितकेसे बरोबर नाही. चकती झिजली की दोन मणक्यांमधले अंतर उलट कमी होते.

कंबरेतील बहुतेक स्लिप डिस्क सर्वांत खालच्या दोन चकत्यांमध्ये होतात. अहवालात त्या एल 4–एल 5 आणि एल 5–एस 1 अशा लिहिलेल्या असतात. शरीराचा सर्वाधिक भार आणि वाकण्याचा ताण तिथेच येतो.

हे आपोआप बरे होते का?

बहुतेकांच्या बाबतीत, होय. बाहेर आलेल्या गाभ्याला शरीर परकी वस्तू समजते. संरक्षक पेशी तिथे पोहोचतात आणि तो हळूहळू शोषून घेतात. विशेष म्हणजे नुसत्या फुगलेल्या चकतीपेक्षा पूर्ण बाहेर आलेला तुकडा आक्रसण्याची शक्यता अधिक असते. म्हणून अहवालात 'मोठा प्रोलॅप्स' असे वाचले की लगेच धीर सोडू नये.

पायातली तीव्र कळ साधारणपणे 6 ते 12 आठवड्यांत बरीच कमी होते. हा प्रवास सरळ रेषेत होत नाही. चार दिवस बरे वाटते, मग एखाद्या दिवशी पुन्हा दुखते. त्या एका दिवसावरून 'परत सरकली' असा निष्कर्ष काढू नका. मागच्या आठवड्यापेक्षा या आठवड्यात जास्त चालता येते का, झोप जास्त लागते का, हे पाहा.

सुधारणेची आणखी एक खूण आहे. दुखणे पोटरीतून मांडीत, मांडीतून नितंबात आणि मग कंबरेत असे वर सरकू लागते. कधी कधी कंबर आधीपेक्षा थोडी जास्त दुखते, पण पाय मोकळा होतो. हे चांगले लक्षण आहे. याउलट दुखणे पायात अधिकाधिक खाली उतरत असेल, तर त्या दिवशी काय केले ते आठवा आणि ते थांबवा.

आधी हे वाचा : ताबडतोब रुग्णालयात कधी जावे?

पुढीलपैकी एकही गोष्ट नव्याने सुरू झाली तर त्याच वेळी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. रात्र असली तरी थांबू नये. महाराष्ट्रात आणि गोव्यात 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

• लघवी अडणे, धार सुरू व्हायला जोर करावा लागणे, लघवी लागल्याची जाणीव न होणे किंवा नकळत होणे.
• संडासवरचा ताबा जाणे.
• जांघांची आतली बाजू, गुप्तांग आणि गुदद्वाराभोवतीचा भाग बधिर होणे. संडासनंतर धुताना स्पर्श नीट न कळणे ही याची सोपी खूण आहे.
• दोन्ही पायांत कळ किंवा मुंग्या सुरू होणे.
• पायातली ताकद झपाट्याने कमी होणे.

मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा जुडगा असतो. तो संपूर्ण दाबला गेला की ही लक्षणे दिसतात. असे क्वचितच होते, पण झाल्यास काही तासांत ते एक-दोन दिवसांत ऑपरेशन करावे लागते. उशीर झाला तर लघवी-संडासचा त्रास कायमचा राहू शकतो.

अडचण अशी की या गोष्टी रुग्ण स्वतःहून सांगत नाहीत. सुनेला सासऱ्यांना विचारायचा संकोच वाटतो, आईला मुलाला सांगायची लाज वाटते. 'गोळ्यांमुळे लघवी कमी होत असेल' असे म्हणून दोन दिवस जातात. म्हणून पहिल्याच दिवशी घरात स्पष्ट ठरवून टाका की लघवी, संडास किंवा त्या जागेचा बधिरपणा याबद्दल काहीही वेगळे वाटले, तर लगेच सांगायचे. पहिले काही आठवडे रोज एकदा हे विचारा. डॉक्टरांनाही याच शब्दांत सांगा, आडवळणाने नको.

पुढील गोष्टी असतील तर एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा:

• चालताना पाऊल घसटणे, चप्पल पायातून निसटणे.
• टाचांवर किंवा चवड्यांवर चालता न येणे. आठवड्यातून दोनदा भिंतीचा आधार घेऊन हे करून पाहा. एकच पाय कमी पडत असेल तर ती नस अशक्त झाली आहे.
• ताप, संध्याकाळी अंग मोडून येणे, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग आजही आढळतो आणि त्याची सुरुवात साध्या पाठदुखीसारखी वाटू शकते.
• पूर्वी कर्करोग झालेला असणे, स्टिरॉइडच्या गोळ्या बराच काळ चालू असणे, किंवा उतारवयात पडल्यानंतर दुखणे सुरू होणे.

एमआरआयचा अहवाल कसा पाहावा?

अहवालात चार-पाच ठिकाणी 'बल्ज' आणि 'डीजनरेशन' लिहिलेले पाहून अनेक जण खचतात. 2015 मध्ये जगभरातील अभ्यास एकत्र करून पाठीचा कोणताही त्रास नसलेल्या 3,000 हून अधिक लोकांचे स्कॅन पाहिले गेले. विशीतल्या 30 टक्के आणि ऐंशीतल्या 84 टक्के लोकांमध्ये चकती फुगलेली दिसली. म्हणजे स्कॅनमध्ये दिसणारी प्रत्येक गोष्ट दुखण्याचे कारण नसते. तपासणीत जी नस दबलेली आढळते आणि स्कॅनमध्ये जे दिसते, त्यांचा मेळ बसला तरच त्याला अर्थ आहे. धोक्याची लक्षणे नसतील तर पहिल्या काही आठवड्यांत एमआरआयची गरजही सहसा नसते.

पहिले दोन आठवडे

विश्रांती किती? असह्य दुखत असेल तर एक-दोन दिवस जास्त वेळ आडवे राहायला हरकत नाही. त्यापुढे दिवसभर पडून राहू नये. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील अभ्यासात सायटिकाच्या 183 रुग्णांपैकी काहींना दोन आठवडे बिछान्यात ठेवले, तर इतरांना घरात नेहमीसारखे वावरू दिले. 12 आठवड्यांनी दोन्ही गटांतील 87 टक्के रुग्ण सुधारले होते. पडून राहण्याचा काहीच फायदा झाला नाही. तोटे मात्र असतात. स्नायू अशक्त होतात, बद्धकोष्ठता होते, मन खचते आणि पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो.

झोपणे. जमिनीवर झोपण्याची गरज नाही. खाली बसताना आणि उठताना कंबरेला उलट जास्त त्रास होतो. फार मऊ नसलेली, न खचणारी गादी असलेला पलंग चांगला. उताणे झोपल्यास गुडघ्यांखाली उशी किंवा गुंडाळलेली चादर ठेवा. कुशीवर झोपल्यास दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी घ्या.

उठणे. उताणे असताना सरळ उठून बसू नका. आधी गुडघे दुमडा, अख्खे अंग एकदम कुशीवर वळवा, पाय पलंगाखाली सोडा आणि हातांनी रेटा देत उठा. घरातल्यांनी हात धरून ओढू नये. रुग्णाला हातांच्या आधाराने स्वतःच उठू द्यावे.

बसणे. वाकून बसल्यावर चकतीवर उभे राहण्यापेक्षा जास्त दाब येतो. म्हणून सुरुवातीला 20 मिनिटांपेक्षा जास्त सलग बसू नका. मऊ सोफा, पाट, चौरंग आणि जमिनीवरची मांडी टाळा. पाठ टेकेल अशी सरळ खुर्ची घ्या आणि कंबरेमागे छोटा टॉवेल गुंडाळून ठेवा. जेवणही टेबलावर घ्या किंवा ताट हातात धरून घ्या.

संडास-अंघोळ. उकिडवे बसणे टाळा. घरात कमोड नसेल तर मेडिकलच्या दुकानात मिळणारी कमोड खुर्ची काही आठवड्यांसाठी आणा. कुंथल्याने कळ वाढते. म्हणून पाणी, पालेभाज्या, फळे वाढवा आणि लागल्यास रात्री इसबगोल घ्या. अंघोळ स्टुलावर बसून करा. भरलेली बादली दुसऱ्याने ठेवावी.

खोकला-शिंक. शिंक येणार असे वाटले की उभे राहा, भिंतीला हात टेका आणि गुडघे किंचित वाकवा. कळ कमी येते.

शेक. गरम पाण्याच्या पिशवीने 15 ते 20 मिनिटे कंबर शेकायला हरकत नाही. बधिर पायावर मात्र गरम पिशवी ठेवू नका. चटका बसलेला कळत नाही आणि फोड येतात. मधुमेह असलेल्यांनी विशेष जपावे. शेकाने चकती बरी होत नाही, स्नायूंचा ताठरपणा कमी होतो.

औषधे

औषधांमुळे चकती आत जात नाही. दुखणे इतके कमी करायचे की चालता आणि झोपता येईल, एवढाच त्यांचा उद्देश.

डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या जेवणानंतर आणि डॉक्टरांनी सांगितले तितकेच दिवस घ्याव्यात. मूत्रपिंडाचा विकार, अल्सर, हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर त्या स्वतःहून घेऊ नका. जुन्या चिठ्ठीवर दुकानातून पुन्हा आणू नका. दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्यांत तेच औषध असू शकते, हेही तपासा.

प्रेगाबालिन, गॅबापेंटिन या 'नसेच्या गोळ्या' आपल्याकडे सर्रास दिल्या जातात. सायटिकासाठी त्यांचा फायदा सिद्ध झालेला नाही. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत प्रेगाबालिनचा परिणाम औषध नसलेल्या गोळीपेक्षा चांगला आढळला नाही आणि चक्कर येण्याचे प्रमाण मात्र वाढले. तुमच्या चिठ्ठीत हे औषध असेल तर डॉक्टरांशी बोला, पण मनाने एकदम बंद करू नका. ते हळूहळू कमी करावे लागते.

दोन ते सहा आठवडे : चालणे आणि व्यायाम

चालणे हा सर्वांत सोपा व्यायाम. घरातल्या घरात 5 मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा, अशी सुरुवात करा. सपाट रस्त्यावर, सपाता नव्हे तर बूट घालून चाला. दर दोन-तीन दिवसांनी थोडा वेळ वाढवा. सहाव्या आठवड्यापर्यंत सलग 20 ते 30 मिनिटे चालता आले तर उत्तम.

व्यायाम शक्यतो फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या. सहसा पुढील व्यायामांपासून सुरुवात होते:

• पालथे झोपून दोन-तीन मिनिटे शांत पडणे. जमल्यास पुढे कोपरांवर छाती उचलणे.
• उताणे झोपून गुडघे दुमडणे आणि कंबर हलकेच पलंगाला टेकवणे.
• त्याच स्थितीत नितंब थोडे वर उचलून पाच सेकंद धरणे.
• पुढे रांगण्याच्या स्थितीत एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय उचलणे.

नियम एकच आहे. व्यायाम करताना किंवा नंतर पायातली कळ वाढली, खाली उतरली, तर तो व्यायाम सध्या तुमच्यासाठी नाही. कंबरेत थोडा ताण जाणवणे चालते.

पायाला हात लावणे, पोटाच्या उठाबशा, पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन आणि सूर्यनमस्कार या काळात करू नयेत. योग वाईट नाही, पण पुढे वाकण्याची आसने आता नकोत.

कामावर परतताना

पूर्ण दुखणे थांबेपर्यंत घरी बसण्याची गरज नाही. बैठे काम असेल तर दर अर्ध्या तासाला उठा, फोनवर बोलताना उभे राहा. स्वयंपाक उभ्याने ओट्याशी करा. एक पाय छोट्या पाटावर ठेवून आलटून पालटून बदलला की कंबरेला आराम पडतो. कणीक मळणे, धुणे पिळणे, वाकून लादी पुसणे ही कामे शेवटी सुरू करा.

दुचाकी आणि खड्ड्यांचा रस्ता हे मोठे शत्रू. पहिले सहा आठवडे दुचाकी टाळलेली बरी. पायाची ताकद कमी असेल किंवा गुंगी आणणारी औषधे चालू असतील तर कोणतेच वाहन चालवू नका. एसटीने जावेच लागले तर मागची सीट घेऊ नका.

वजन उचलणे किमान तीन महिने बेताने. गुडघ्यांत वाका, वस्तू अंगाशी धरा आणि उचललेल्या वजनासह कंबरेतून वळू नका. हमाली, बांधकाम किंवा शेतातले वाकून करायचे काम असणाऱ्यांना हे सांगणे सोपे आणि पाळणे कठीण आहे, याची जाणीव आहे. निदान ओझे दोन खेपांत न्या, पोते दोघांनी उचला आणि खुरपणीत अधूनमधून उभे राहून पाठ मागे ताणा.

तंबाखू आणि सिगारेट सोडण्याला ही चांगली वेळ आहे. धूम्रपानाचा चकतीच्या झिजेशी संबंध आढळला आहे.

पट्टा, मालिश, वजन लावणे

कंबरेचा पट्टा पहिले काही दिवस प्रवासात किंवा उभ्याने काम करताना थोडा आधार देतो. झोपताना काढा. महिनोन्महिने दिवसभर बांधू नका.

हलक्या हाताने तेल लावण्यात धोका नाही. मात्र पाठीवर पाय देणे, झटका देऊन कंबर 'बसवणे', पाय ओढणे हे करून घेऊ नका. दबलेली नस त्याने आणखी दबू शकते. कंबरेला वजन लावून ताण देण्याचा, म्हणजेच ट्रॅक्शनचा, ठोस फायदा अभ्यासांत दिसलेला नाही. त्यासाठी रुग्णालयात दाखल होण्याची गरज नाही.

घरातल्यांनी काय करावे?

प्रेमापोटी आपण रुग्णाला सगळे हातात आणून देतो आणि 'तू उठू नकोस' असे बजावतो. याचा अपाय होतो. वाकायची आणि वजनाची कामे तुम्ही करा, पण चालायची कामे रुग्णाला करू द्या. पाण्याचा तांब्या, मोबाइल, औषधे कंबरेच्या उंचीवर ठेवा. संध्याकाळी सोबत चाला. दुखणे दिसत नाही म्हणून 'नाटक करतोय' असे म्हणू नका. घरातल्या बाईला विश्रांती सांगितली असेल तर तिची कामे कोण करणार, हे त्याच दिवशी ठरवा. नाहीतर ती तिसऱ्या दिवशी बादली उचलणारच.

दोन-तीन आठवड्यांनंतर रुग्ण गप्प राहू लागला, झोप उडाली, 'आता काही खरे नाही' असे बोलू लागला, तर तेही डॉक्टरांना सांगा. खचलेल्या मनाने दुखणे लांबते.

ऑपरेशन कधी?

वर दिलेली तातडीची लक्षणे असतील किंवा पायाची ताकद वाढत्या प्रमाणात कमी होत असेल तर ऑपरेशन लवकर करावे लागते. तसे नसेल आणि सहा आठवडे नीट उपचार करूनही पायातली कळ सहन होत नसेल, तर ऑपरेशनचा विचार करता येतो.

2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील एका अभ्यासात तीव्र सायटिकाच्या 283 रुग्णांचे दोन गट केले. एका गटाचे लवकर ऑपरेशन केले, दुसऱ्याने वाट पाहिली. ऑपरेशन झालेल्यांची कळ लवकर थांबली. मात्र एक वर्षाने दोन्ही गटांतील सुमारे 95 टक्के रुग्ण बरे होते. वाट पाहणाऱ्यांपैकी 39 टक्के लोकांना वर्षभरात ऑपरेशन करून घ्यावे लागले, हेही खरे. म्हणजे धोक्याची लक्षणे नसताना ऑपरेशन 'केलेच पाहिजे' असेही नाही आणि 'कधीच करू नये' असेही नाही. दुखणे किती सोसवते, काम किती दिवस थांबवता येते, यावर रुग्णाने डॉक्टरांशी बोलून ठरवायचे असते. ऑपरेशननंतरही चालणे, उठण्या-बसण्याच्या पद्धती आणि व्यायाम चुकत नाहीत.

थोडक्यात

• बहुतेकांची कळ 6 ते 12 आठवड्यांत ऑपरेशनशिवाय बरीच कमी होते.
• एक-दोन दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नका. थोडे थोडे, अनेक वेळा चाला.
• वाकणे, उकिडवे बसणे, सलग बसणे आणि वजन उचलणे टाळा.
• दुखणे पायातून कंबरेकडे वर सरकत असेल तर सुधारणा आहे.
• लघवी, संडास किंवा गुप्तांगाचा बधिरपणा याबद्दल काहीही बदल झाला तर लाजू नका, थांबू नका. त्याच वेळी रुग्णालयात जा.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांनी वेगळा सल्ला दिला असेल तर तो पाळा आणि शंका त्यांनाच विचारा.